तासाभरावरचं माहेर

खरं सांगा हं मैत्रिणींनो, शाळा सुटल्यावर तुमच्यापैकी किती जणींनी नकाशा हातात धरलाय? भूगोलाच्या पेपरात कोरा नकाशा भरला, तापी-गोदावरी निळ्या पेन्सिलीनं ओढल्या, की आपला आणि नकाशाचा संबंध संपला. पुढं जिथं जायचं तिथं कुणीतरी आपल्याला घेऊन जातं. आधी वडील, मग भाऊ, मग ‘हे’ आणि आता मुलगा. आपण मांडीवर डबा घेऊन मागं बसायचं. कुठवर आलो म्हणून विचारलं, तर ‘आलंच आता’ एवढं उत्तर ऐकायचं आणि गप्प राहायचं.

मीही त्यातलीच होते. सासर भुसावळचं. रेल्वेच्या गावात राहून सगळा जन्म गेला, साऱ्या देशाच्या गाड्यांच्या शिट्ट्या स्वयंपाकघरात ऐकू येतात, पण एकटीनं तिकीट काढून कुठं गेले असेन तर शपथ!

मग लेक शिकायला पुण्याला गेली. तिथं पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं मला फोनवर तिची जागा पाठवली. म्हणाली, “आई, काळजी करू नकोस, मी कुठं आहे ते तुला दिसत राहील.” रात्री नऊला शिकवणीहून वसतिगृहाकडे सरकणारा तो गोल ठिपका बघत बघत मी मेथी निवडली. ठिपका एके ठिकाणी जरा थांबला, तर माझा हात थांबला. (लेक पाणीपुरी खात होती, हे मागाहून कळलं.) त्या दिवसापासून मला नकाशाचं जे खूळ लागलं, ते लागलंच. दुपारची झाकपाक झाली, ओटा पुसून झाला, की बायका मालिका लावतात, मी नकाशा उघडते. बोटानं ओढत ओढत कधी धाकट्या बहिणीच्या दुबईला जाते, कधी नुसतीच तापीच्या काठाकाठानं मुलताईपर्यंत. २०२२ साली नाशिक, पुणे, नगर, मुंबई अशा गावांतले रस्ते, दुकानांच्या पाट्यांसकट, घरबसल्या दिसायला लागले, तेव्हा मी दोन दिवस नाशकातच होते म्हणा ना. घरात मला ‘सर्व्हेवाली’ म्हणतात. म्हणोत बापडे.

तो ठिपका आपली जागा ओळखतो कशी, हे मी मुलाच्या मागं लागून समजून घेतलं. जमिनीपासून सुमारे २०,००० किलोमीटरवर उपग्रह फिरत असतात आणि ते सारखी आपापली वेळ सांगत असतात. आपला फोन निदान चार उपग्रहांचे निरोप ऐकतो, कुणाचा निरोप यायला किती उशीर लागला त्यावरून कोण किती लांब ते काढतो, आणि त्यावरून आपण कुठं उभे आहोत ते ठरवतो. तुम्ही म्हणाल, एवढं कशाला हवं आपल्याला? पण कुकरच्या शिट्टीवरून शेजारच्या कुठल्या घरात वरण शिजतंय ते आपण ओळखतोच की नाही? मला तरी त्यात फारसं परकं काही वाटलं नाही.

आणि पूर्वी याच कामाला माणसांचे जन्म गेले आहेत. १८०२ साली विल्यम लॅम्ब्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं मद्रासहून हिंदुस्थान मोजायला घेतला. शंभर फुटी लोखंडी साखळी आणि अर्ध्या टनाचं मोजणीयंत्र घेऊन तो वीस वर्षं मोजत मोजत उत्तरेकडे सरकत राहिला, आणि १८२३ साली आपल्या वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथंच आहे. एवढ्या कष्टानं झालेले ते नकाशे सरकारी कपाटात राहिले. तुमच्या-आमच्या हातात नकाशा आला तो अगदी अलीकडे. गूगलचा नकाशा फेब्रुवारी २००५ चा. त्याच्या आधी दहा वर्षं, १९९५ साली, राकेश आणि रश्मी वर्मा या पतिपत्नींनी आपल्या देशाचे संगणकावरचे नकाशे करायला घेतले, तीच ‘मॅप माय इंडिया’. नवरा-बायकोनं मिळून देश मोजायला काढला, ही गोष्ट मला फार आवडते. आमच्याकडे दोघांचं मिळून वाण्याच्या यादीवर एकमत होत नाही.

पण आज सांगायचं आहे ते वेगळंच.

आमच्या सासूबाईंचं माहेर बऱ्हाणपूरचं. १९५९ साली, अठराव्या वर्षी, त्या लग्न होऊन भुसावळला आल्या. १९७४ साली त्यांच्या भावानं तिथलं घर विकलं आणि तो इंदूरला गेला. पुढं तोही राहिला नाही. आता भुसावळ ते बऱ्हाणपूर म्हणजे गाडीनं तासाभराचा रस्ता. पण १९७४ नंतर सासूबाईंनी तिथं पाऊल ठेवलं नाही. त्यांनी रामेश्वर केलं, बद्रीनाथ केलं. बद्रीनाथला जाताना गाडी बऱ्हाणपुरावरूनच गेली. खिडकीतून त्यांनी स्टेशनाची पाटी पाहिली, नमस्कार केला आणि पुढं गेल्या. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, “जायचं कुणाकडे? माहेर म्हणजे माणसं. माणसं नाहीत, तर काय विटांना भेटायचं?”

गेल्या दोन वर्षांत मात्र त्यांना विसर पडायला लागलाय. सकाळी जेवल्या की नाही ते आठवत नाही, मधल्या नातीला लेकीच्या नावानं हाक मारतात. आणि गंमत अशी की, जवळचं जसजसं पुसट होत चाललंय, तसतसं ते बऱ्हाणपूरचं घर मात्र लख्ख होत चाललंय. परसातली विहीर, तिच्या कठड्यावरचा घागरीनं पडलेला खळगा, रात्री गल्लीत चालणाऱ्या मागांची खटखट. रोज दुपारी तेच. मी हूं हूं म्हणत ऐकायची. एक दिवस मनात आलं, आपण एवढी जगाची मोजणी करतो, आणि घरातल्या माणसाचं माहेर शोधून देता येऊ नये?

मी फोन घेऊन त्यांच्याजवळ बसले. “आई, हे बघा बऱ्हाणपूर. ही तापी.”

त्यांनी चष्मा सारखा केला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “ही सगळी पत्र्याची छपरं दिसतायत. घर असं वरून कुणी बघतं का गं? कावळ्यानं बघावं तसं! मी माझं घर दारातून पाहिलंय.”

मी काय बोलणार?

गल्लीचं नाव घालून शोधलं. (ते नाव मी इथं देत नाही, तिथं आता दुसऱ्यांचा संसार आहे.) मराठीत घातलं, हिंदीत घातलं, इंग्रजीत तीन तऱ्हांनी घातलं. काही नाही. हे खूळ लागल्यापासून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. नकाशा आभाळातून घरं पाहतो, पण त्यांची नावं त्याला आभाळातून दिसत नाहीत. ती कुणीतरी खालून सांगावी लागतात. दुकानदार आपल्या दुकानाचं नाव घालतो, शाळा आपलं घालते, देवळाचं नाव एखादा भक्त घालतो. पण बायकांच्या तोंडी असलेली नावं, ‘मधली आळी’, ‘खालचा पाणवठा’, ‘कासारीणबाईंचा बोळ’, ही कोण घालणार? ज्यांना ती माहीत होती त्यांच्या हातात फोन आलाच नाही.

तेव्हा मी दुसरी वाट धरली. पाककृती उतरवून घ्यावी तशी मी सासूबाईंची एकेक आठवण वहीत उतरवायला लागले. सकाळचं ऊन तुळशीवर पडायचं, म्हणजे दार पूर्वेला. धुणं घेऊन घाटावर जायच्या, म्हणजे नदी लांब नाही. वाटेत विठ्ठलाचं देऊळ. घाट चढून आलं की किल्ला ‘या हाताला’. कुठल्या हाताला हो आई? तर त्या बसल्या जागी हात पसरून दाखवायच्या, “अगं, या हाताला!” आणि दुसऱ्या दिवशी पाटावर उलट्या बाजूला बसल्या असल्या की हातही उलटा. मी कपाळाला हात लावायची. नकाशाला डावं-उजवं नसतं, आणि सासूबाईंना उत्तर-दक्षिण नव्हती.

शेवटी वाटलं, घरी बसून हे व्हायचं नाही. ह्यांना म्हटलं, “आम्ही दोघी बऱ्हाणपूरला जाऊन येतो.” हे म्हणाले, “रविवारी मी येतो की बरोबर.” असे दोन रविवार गेले. तिसऱ्या आठवड्यात गुरुवारीच आम्ही निघालो. माझं वय बावन्न, त्यांचं चौऱ्याऐंशी. बरोबर पुरुषमाणूस नाही, अशी आमची ही पहिलीच सहल.

तुम्हालाही कधी असं निघायचं झालं, तर दोन-तीन गोष्टी सांगून ठेवते. जायच्या गावाचा नकाशा आदल्या रात्री घरच्या वायफायवर फोनमध्ये उतरवून घ्या. मग तिथं रेंज गेली तरी तो उघडतो, ठिपकाही चालतो. जिथं जायचं त्या जागेवर बोट दाबून धरलं की खूण उमटते, ती जपून ठेवता येते. मी स्टेशन, घाट, देऊळ अशा खुणा करून ठेवल्या. आणि लाज न बाळगता सांगते, म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाताना स्वच्छतागृह कुठं आहे ते आधी शोधून ठेवा. हॉटेलचं नाव दाबलं की खाली लोकांचे अभिप्राय येतात. त्यात पुरुष ‘चहा उत्तम’ एवढंच लिहितात. एखाद्या बाईनं लिहिलेलं असेल तर हवी ती माहिती मिळते. फोटो कुठल्या सालचा आहे तेही पाहा. सहा वर्षांपूर्वीच्या फोटोवर विसंबून गेलात, तर हॉटेलच्या जागी मोबाइलचं दुकान सापडायचं. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्यायची ती घ्याच, नकाशानं पोट भरत नाही.

भुसावळ सोडलं, तापी ओलांडली, की दोन्ही बाजूंना केळीच्या बागा सुरू होतात. सावदा, निंभोरा, रावेर. घड झाकलेले, पानं वाऱ्यानं फाटलेली. सासूबाई खिडकीशी बसल्या होत्या. वेळ जावा म्हणून मी त्यांना सरूची गोष्ट सांगितली. ती तुमच्यापैकी काहींनी ‘लायन’ या २०१६ सालच्या सिनेमात पाहिली असेल. पण ती घडली इथंच, आमच्या रेल्वेच्या याच रस्त्यावर, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

खांडव्याच्या गणेश तलाई वस्तीतला पाच वर्षांचा मुलगा. आई मजुरी करायची. १९८६ साली एका रात्री तो थोरल्या भावाबरोबर बऱ्हाणपूर स्टेशनावर आला. झोप अनावर झाली म्हणून बाकावर झोपला. जागा झाला तर भाऊ नाही. समोर उभ्या असलेल्या गाडीत चढला, पुन्हा झोप लागली, आणि ती गाडी त्याला कलकत्त्याला घेऊन गेली. त्याला ना आडनाव सांगता येई, ना गावाचं नाव नीट. पुढं ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाच्या एका जोडप्यानं त्याला दत्तक घेतलं. तो सरू ब्रायर्ली झाला. मूळ नाव शेरू, तेही बोबड्या बोलण्यात बदललेलं. मोठेपणी त्यानं संगणकावर ‘गूगल अर्थ’ उघडला. किती तास गाडीत होतो, गाडी ताशी किती जाते, याचा अंदाज करून कलकत्त्याभोवती वर्तुळ आखलं आणि एकेक रूळ धरून वर्षानुवर्षं रात्री जागून शोधत राहिला. त्याच्यापाशी होतं काय? ‘ब’नं सुरू होणाऱ्या स्टेशनाचं नाव, एक पाण्याची टाकी, एक पादचारी पूल. २०११ साली त्याला पडद्यावर ते स्टेशन सापडलं. तेच हे बऱ्हाणपूर. तिथून रूळ धरून वर सरकला तर खांडवा. २०१२ साली तो घरी आला.

“आणि भाऊ?” सासूबाईंनी विचारलं.

भाऊ त्याच रात्री रुळांवर गेला होता. ते सांगताना माझाही आवाज जड झाला.

“आणि आई?”

“आई तिथंच होती. घर बदललं होतं, पण लांब गेली नाही. लेक परत आला तर कुठं शोधील, म्हणून जवळच राहिली. सरू जुन्या दारापाशी आला तर घर रिकामं. पुढं नकाशाचं काही चालेना. तिथल्या एका माणसानं त्याला हाताला धरून कोपऱ्यापलीकडे आईपाशी नेलं.”

सासूबाई बराच वेळ बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, “त्याची वाट बघणारं होतं ना कुणी. म्हणून सापडलं.”

मला वाटलं, ही गोष्ट आज सांगायला नको होती.

बऱ्हाणपूरचं स्टेशन लालबागेत, गावापासून थोडं दूर. उतरल्यावर मी पहिल्यांदा मान वर करून पादचारी पूल पाहिला. बाकांवर माणसं झोपलेली होती, चहावाला फिरत होता, कुठल्याही स्टेशनासारखं स्टेशन. रिक्षावाल्याला फोनमधली देवळाची खूण दाखवली. गावात शिरताना वेशीचे जुने दरवाजे लागतात, त्यांच्या कमानीखालून रिक्षा जाते. सासूबाई प्रत्येक कमानीखाली उगाचच डोकं खाली घ्यायच्या.

आणि इथं माझी फजिती झाली. विठ्ठल मंदिर म्हणून मी घरी बसून जी खूण केली होती, ते देऊळच दुसरं! एका नावाची देवळं गावात एकच थोडी असतात? मी यादीतलं पहिलं दाबलं, बाकीची पाहिलीच नाहीत. रिक्षा गुळगुळीत फरशीच्या, स्टीलच्या कठड्याच्या नव्या कोऱ्या देवळापुढं उभी राहिली. सासूबाईंनी आत डोकावून पाहिलं आणि मान हलवली. “हे नव्हे गं.” मी दुसरं शोधायला लागले, मग तिसरं. ऊन चढत होतं. रिक्षावाला जांभया देत होता. सासूबाईंच्या चेहऱ्यावर तो हरवल्याचा भाव यायला लागला, जो आला की मला फार भीती वाटते. एरवी मग त्यांना काहीच आठवत नाही, कुठं आलो तेही नाही.

“आई, घरी जायचं का परत?”

“नदीवर ने मला,” त्या म्हणाल्या.

राजघाटाच्या पायऱ्या बऱ्याच आहेत. त्यांचा एक हात मी धरला, दुसऱ्या हातानं त्या कठड्याला धरत उतरल्या. बाजूला शाही किल्ल्याच्या उंच भिंती सरळ नदीवर उभ्या आहेत. याच गावी १६३१ साली मुमताजमहल चौदाव्या बाळंतपणात गेली. ताजमहाल बांधून व्हायच्या आधी तिला नदीपलीकडे आहूखान्यात पुरलं होतं. चौदा! राणी झाली म्हणून काय झालं. पण त्या वेळी माझं लक्ष किल्ल्याकडे नव्हतं. सासूबाई पाण्याकडे बोट दाखवत होत्या.

“हत्ती!”

पात्रात दगडाचा हत्ती आहे. पाणी ओसरलेलं होतं, त्याची पाठ दिसत होती. फार जुना हो! सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्यानंही तो पाहिल्याचं लिहून ठेवलंय. पाण्यावर आलेल्या खऱ्या हत्तीनं त्याला खरा समजून टक्कर दिली आणि स्वतःचे दात मोडून घेतले, अशी कथा त्यानं दिली आहे. सासूबाईंना फिंच ठाऊक नाही. त्यांना एवढं ठाऊक होतं, की पाणी हत्तीच्या पाठीवर आलं की आई धुण्याला पाठवत नसे.

तेवढ्यात माझा फोन वाजला. हे होते. दिवसभर ऑफिसात बसून आमचा ठिपका बघत होते म्हणे! “अगं, तुम्ही नदीत काय करताय?” एवढ्या मोठ्यानं ओरडले, की पलीकडे कपडे धुणारी बाई हसायला लागली.

फोन ठेवून बघते तर सासूबाई पायऱ्या चढायला लागलेल्या. मी मागं. वर आल्यावर त्या नदीकडे पाठ करून उभ्या राहिल्या, हात पसरले, आणि म्हणाल्या, “किल्ला या हाताला. चल.” इतके दिवस मी त्यांना घरातल्या पाटावर बसवून विचारत होते. नदी पाठीशी असल्याशिवाय त्यांचा हात बरोबर पडणार कसा?

पुढं त्याच चालत होत्या. गुडघ्यांनी घाटाच्या चार पायऱ्यांत बोंब मारली होती, पण आता थांबायला तयार नाहीत. मी हातात फोन धरून मागून चालले होते, आणि फोनवर आमचा निळा ठिपका, काहीही नाव नसलेल्या करड्या रंगातून सरकत होता. एका बोळात वळलो, तिथं नकाशात बोळच नव्हता. ठिपका सरळ घरांच्या छपरांवरून चालल्यासारखा दिसत होता. एके ठिकाणी जुनं लाकडी देऊळ लागलं, दाराशी पाटीसुद्धा नाही. सासूबाईंनी चालता चालताच हात जोडले. मग कानावर खटखट आली. आता हातमाग नव्हेत, यंत्रमाग. पण ती ऐकली आणि त्या थांबल्या.

घर राहिलं नव्हतं. तिथं तीन मजली सिमेंटची इमारत होती, खाली माग चालू होते. सासूबाई नुसत्या बघत उभ्या. माझ्या पोटात गोळा आला. विटासुद्धा शिल्लक नव्हत्या भेटायला.

दारात सलवार-कमीज घातलेली, डोक्यावर ओढणी घेतलेली माझ्याच वयाची बाई आली. “किसे ढूँढ रहे हो बाजी?” मी सांगितलं. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, तिच्या सासऱ्यांनी हे घर एका मराठी माणसाकडून घेतलं होतं, असं ती लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे. तिनं आम्हाला आत नेलं, मागांच्या मधून वाट काढत, परसात. परस आता चिंचोळं झालंय. पण कोपऱ्यात लोखंडी झाकणाखाली विहीर होती. “पानी है, पीते नहीं अब,” ती म्हणाली. कठड्यावर दोरीनं आणि घागरीनं पडलेला खळगा होता. सासूबाईंनी त्यात हात ठेवला. बरोबर बसला.

त्या रडल्या नाहीत. मीच रडले. त्यांनी त्या बाईला विचारलं, “सकाळचं ऊन येतं का गं अजून इथं?” ती मराठीतच म्हणाली, “येतं ना. आठ वाजेपर्यंत.”

चहा झाला. बाईच्या नवऱ्यानं माग थांबवला होता, आवाज होऊ नये म्हणून. निघताना ती आत गेली, मागावरच्या ताक्यातून दोन मीटर कोरं कापड टर्रकन फाडून आणलं आणि सासूबाईंच्या हातात दिलं. “मायका है आपका, खाली हाथ कैसे जाओगी.”

बऱ्हाणपूरला जाणाऱ्यानं कुंडी भंडारा बघावा असं सगळे सांगतात. १६१५ च्या सुमाराची ती जमिनीखालची पाण्याची वाट आहे, सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी शंभरावर कुंड्यांतून गावापर्यंत आणणारी. आम्ही गेलो नाही. सासूबाई दमल्या होत्या आणि त्यांचं बघायचं ते बघून झालं होतं. बाजारात मावा जिलेबी मात्र घेतली. आपल्या जिलेबीसारखी पिवळी आणि कुरकुरीत नव्हे, मव्याची, काळपट आणि मऊ. दात नसलेल्या माणसालाही चालते. गाडीत बसल्या बसल्या सासूबाईंनी पाव किलोतली निम्मी संपवली, साखरेची गोळी चालू असताना. मी काही बोलले नाही. ह्यांना सांगू नका.

त्या जागेवर मी बोट दाबून खूण केली आणि नाव दिलं, ‘आईंचं माहेर’. हे नाव फक्त माझ्याच फोनवर दिसतं. दुसऱ्याच्या घरावर आपली पाटी साऱ्या जगाला दिसेल अशी लावायची नसते, तिला विचारल्याशिवाय तर नाहीच. पण त्या लाकडी देवळाचं नाव मी तिथल्या पुजाऱ्याला विचारून नकाशात कळवलं. काही दिवसांनी ते उमटलं. बोळाचंही कळवलंय, तो अजून आलेला नाही.

कापडाची सासूबाईंनी उशीला खोळ शिवून घेतली. बऱ्हाणपूरला जाऊन आलो हे त्या आठवड्याभरात विसरल्या. खोळ कुणाची विचारलं तर म्हणतात, “माहेराहून आली.” आणि दुपारी मी फोन घेऊन बसले की जवळ येऊन म्हणतात, “माझं घर दाखव जरा.” मी दाखवते. परवा त्यांनी विचारलं, “इथून चालत गेलं तर किती वेळ लागेल गं?” मी दाबून पाहिलं. फोन म्हणाला, चौदा तास.

“चौदा?” त्या म्हणाल्या. “काहीतरीच. तो सडकेनं नेत असेल. नदीच्या काठानं गेलं की जवळ पडतं.”